डिझेल पिणारी म्हैस : तेरा वर्षांच्या एसयूव्हीच्या मायलेजचा हिशेब

दसऱ्याला सोनं द्यायला नंदगडला गेलो तेव्हा तात्या अंगणात गाडीपुढे उभे होते. हातात सोनं नव्हतं, गॅरेजचं कोटेशन होतं. इंजिनात डिझेल उडवणारे चार इंजेक्टर, पंप कॅलिब्रेशन, मजुरी धरून ४६ हजार.

"डिझेल पितीया की काय ही म्हैस," तात्या म्हणाले. "आठ-साडेआठच्या वर जाईना झालीय. इंजेक्टर गेलेत म्हणायलेत. करू काय विकू, सांग बघू."

गाडी २०१२ ची, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग, सात सीटर, २.२ लिटरचं टर्बो डिझेल, पाच गिअर, मागची चाकं ओढणारी. तात्यांनी ती २०१९ ला दुसऱ्या हाताने घेतली. त्या वेळी बारा देत होती, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मोजलं होतं का, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे विचारायची सोय राहिली नाही.

माझा बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्नचा छोटा कारखाना आहे. फाउंड्रीला लागणारे लाकडी आणि ॲल्युमिनियमचे साचे करतो. बिडाचं कास्टिंग थंड होताना मीटरमागे दहा मिलिमीटरपर्यंत आकसतं, ते धरून पॅटर्न मोठा करायचा असतो. त्यामुळे एक वाईट सवय लागली आहे. कुणी आकडा सांगितला की तो कोणत्या पट्टीने मोजला, हे आधी विचारतो. तात्यांना म्हटलं, कोटेशन खिशात ठेवा, गाडी चार महिने माझ्याकडे द्या आणि तोवर माझी छोटी पेट्रोल गाडी वापरा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीला मला आठवड्याला एक फेरी असतेच. तात्या तयार झाले, पण आठवडाभरात फोन आला, "तुझ्या ह्या डबीत माझे गुडघे मावंनात."

आधी माप

तात्यांची मोजायची रीत बहुतेकांची असते तीच. दोन हजाराचं डिझेल टाकायचं, टाकीचा दिवा लागेपर्यंत चालवायचं आणि भागाकार करायचा. यात दोन घोटाळे आहेत. दिवा कधी लागेल हे रस्त्याच्या चढ-उतारावर आणि टाकीतला तरंगता फ्लोट जिथे अडकला असेल त्यावर ठरतं. शिवाय दर वेळी दिवा लागतो तेव्हा टाकीत तेवढंच डिझेल उरलेलं असतं असं नाही. बावीस लिटरमध्ये दोन लिटर इकडे-तिकडे झाले की नऊचे आठ होतात, नाहीतर दहा.

खरी रीत फुल-टू-फुलची. टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं, हवं तेवढं फिरायचं, परत भरायची. जेवढं डिझेल बसलं तेवढं जळलं. ऐकायला सोपं आहे, पण डिझेल फेसाळतं. नोझल जोरात सोडलं की फेस वर येतो, नोझल आपोआप बंद करणारा ऑटो-कट आधीच पडतो आणि टाकीत दीड-दोन लिटरची जागा रिकामी राहते. म्हणून काही नियम ठरवले. पंप एकच, नोझल तेच, गाडी त्याच दिशेला तोंड करून उभी. पहिला कट पडला की मिनिटभर थांबायचं, फेस बसू द्यायचा, मग सावकाश दुसऱ्या कटपर्यंत आणि तिथेच बंद. गळ्यापर्यंत ठासून भरायचं नाही. पंपावरच्या पोराला पहिल्या दिवशी हे पटेना. "फुल्ल माडला रे," म्हणजे फुल्ल करू काय, असं तो कन्नडमध्ये म्हणायचा आणि मी "साक, साक", म्हणजे पुरे पुरे, करत मीटरकडे बघत उभा. तिसऱ्या खेपेला तोच मला बघून म्हणाला, "ओंद निमिष, गोत्तैते." एक मिनिट, माहीत आहे.

दिशेचा नियम मी एकदा मोडून बघितला. त्या पंपाची फरशी बाहेरच्या बाजूला उतरती आहे. गाडी उलट तोंड करून उभी केली, तर कट पडल्यावरही आणखी पावणेदोन लिटर बसलं. एवढ्या फरकात माणूस एखादा इंजेक्टर बदलून मोकळा होतो.

पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागता येतं. ते पंपावर असायलाच लागतं आणि पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. मी मागितलं, भरलं, बरोबर निघालं. पहाटेचं डिझेल गार म्हणून जास्त मिळतं, हीही एक समजूत आहे. दहा अंशाला डिझेल साधारण पाऊण-एक टक्का फुगतं हे खरं, पण टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथे पहाट-दुपारीत दहा अंशांचा फरक पडत नाही. त्यासाठी झोपमोड नको.

पहिल्या तीन टाक्या गाडीला हात न लावता जाळल्या. थोडं शहर, थोडं खानापूर रोड, थोडा हायवे. ट्रिप मीटरवर ४१२, ३८८ आणि ४३६, म्हणजे १२३६ किलोमीटर. डिझेल ४५.३, ४४.१ आणि ४६.२, म्हणजे १३५.६ लिटर. भागाकार ९.१. एकेक टाकी बघितली तर ८.८ पासून ९.४ पर्यंत नाचते. म्हणून एका टाकीवर बोलायचं नाही, तीन टाक्यांची बेरीज करून मगच बोलायचं.

यातच घाटाची गोष्ट सांगून टाकतो, कारण तात्यांचा सगळ्यात लाडका पुरावा तोच होता. "गोव्याला जाताना पंधरा देते, येताना नऊ. म्हणजे गरम झाली की बिघडते." चोर्ला घाटाने साखळीला उतरताना गाडी जवळजवळ सातशे मीटर खाली जाते. माणसं आणि सामान धरून बावीसशे किलोची गाडी परत तेवढी वर चढवायला दीड कोटी ज्यूल लागतात. एक लिटर डिझेलमध्ये साडेतीन कोटींहून थोडे जास्त असतात, पण चाकापर्यंत पोचतो तिसरा हिस्सा. म्हणजे नुसत्या चढाला सव्वा लिटर. त्यात गाडीचा काही दोष नाही, तो सह्याद्रीचा टोल आहे. कोल्हापूरच्या रस्त्यावरही हेच, फक्त कमी. बेळगाव साडेसातशे मीटरवर, कोल्हापूर त्याच्या दोनेकशे मीटर खाली. जाताना आणि येताना लिटरमागे अर्ध्या किलोमीटरचा फरक दिसतो. म्हणून मोजणी जिथून सुरू केली तिथेच परत येऊन संपवायची.

स्टेपनी

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागचं डावं चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढली, चाकाशेजारी उभी केली आणि जागच्या जागी बसलो. स्टेपनी चाकापेक्षा तीन सेंटीमीटर बुटकी होती.

स्टेपनी कंपनीची, २३५/७० आर १६ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), रस्ता फारसा न बघितलेली. चालती चारही चाकं २४५/७५ आर १६. आधीच्या मालकाने रुबाबासाठी मोठे टायर घातले होते आणि पाच वर्षांत तात्यांनी ते आकडे कधी वाचले नव्हते. मीही पहिल्या महिन्यात वाचले नव्हते, हे कबूल करतो. मापाच्या धंद्यात असून.

व्हर्नियर आणि टेप घेऊन बसलो. कंपनीच्या टायरचा व्यास ७३५ मिलिमीटर येतो. मोठ्याचा नवा असताना ७७४. तात्यांच्या टायरची नक्षी चारेक मिलिमीटर झिजली होती, म्हणजे व्यास ७६६. भागिले ७३५ केलं की १.०४२. याचा अर्थ असा की चाक एकदा फिरलं की गाडी जास्त पुढे जाते, पण मीटर बिचारं फेरेच मोजतं. शंभर किलोमीटर झाले तरी ते शहाण्णवच सांगणार.

कागदावरचा हिशेब रस्त्यावर तपासला. हत्तरगीच्या टोलनाक्यापुढच्या एका दगडापासून कोगनोळीच्या अलीकडच्या दगडापर्यंत चाळीस किलोमीटर धरले. ट्रिप मीटरने ३८.४ दाखवले. चाळीस भागिले ३८.४, परत १.०४२. मोबाइलच्या जीपीएसनेही तेच सांगितलं. इतकं जुळलं की मलाच शंका आली, म्हणून येताना पुन्हा केलं. तेच.

म्हणजे ९.१ ला १.०४२ ने गुणायचं. साडेनऊ. स्पॅनर हातात न घेता गाडी जवळजवळ अर्धा किलोमीटर सुधारली. तात्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे डिझेल वाचलं?" नाही तात्या, डिझेल तेवढंच जळलं. रस्ता जास्त झाला होता, तो कुणी लिहिला नव्हता. यावर त्यांनी फोन काकूंकडे दिला.

मोठ्या टायरचं आणखी एक. नव्या गाडीचा स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवायची त्याला परवानगीच नाही. इथे टायरने ती सूट खाऊन टाकली होती. काटा शंभरवर असला की गाडी खरोखर शंभरनेच जायची. घाटात उलटं. मोठं चाक म्हणजे गिअर उंच झाल्यासारखा, त्यामुळे तात्या वंटमुरीच्या चढाला जिथे चौथ्यात जायला हवेत तिथे पाचव्यात रेटायचे आणि इंजिन गुरगुरायचं. त्यालाच ते 'जीव गेलाय' म्हणत होते.

खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या

आता ४६ हजारांचा प्रश्न. इंजेक्टर खरंच गेले असतील तर बाकीची कसरत कशाला? उद्यमबागेतल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. हा माणूस कमी बोलतो आणि बोलला तर अर्धं कन्नड, अर्धं मराठी. त्याने चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या सोडवल्या आणि प्रत्येकीला पारदर्शक पाइपचा तुकडा जोडून टोक खोकल्याच्या औषधाच्या एकेका रिकाम्या बाटलीत सोडलं. बाटल्या तारेने बॉनेटच्या कडेला टांगल्या. इंजिन तीन मिनिटं जाग्यावर चालू.

कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून पुरवठा होतो त्या रचनेत, डिझेल फार मोठ्या दाबाने इंजेक्टरला येतं. थोडं सिलिंडरमध्ये उडतं, थोडं रिटर्नने परत जातं. इंजेक्टर आतून झिजला की परतीचं वाढतं. म्हणून एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट भरली तर त्या इंजेक्टरवर संशय घ्यायचा. चार बाटल्यांत १८, २०, १९ आणि २१ मिलिलिटर भरलं. मिस्त्रीने बाटल्या उन्हाकडे धरून एका ओळीत लावल्या आणि म्हणाला, "चारी भाऊ एकसारखे. कोण चोर म्हणतो ह्यांना?" गाडी पहिल्या सेल्फला सुरू होत होती, काळा धूर नव्हता, जाग्यावर थरथर नव्हती. इंजेक्टरची फाइल तिथेच बंद केली. या तपासणीला मिस्त्रीने चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

मग ठरवलं की प्रत्येक बदल एकाच फेरीवर तपासायचा. उद्यमबाग ते शिरोली आणि परत, दुरुस्त हिशेबाने २२८ किलोमीटर. निघायचं सकाळी सहाला, माणसं दोन, पॅटर्नचं वजन साधारण तेवढंच, एसी बंद. आधीच्या स्थितीत, तात्यांच्या वेगाने म्हणजे जमेल तिथे पंचाण्णव-शंभरने, दोन फेऱ्यांना २२.९ आणि २२.२ लिटर लागलं. सरासरी १०.१. एवढ्या कमी भरण्यात अर्ध्या लिटरची चूक धरली तरी दोन टक्क्यांवर फरक पडतो, म्हणून पुढेही प्रत्येक स्थितीला किमान दोन फेऱ्या केल्या. एकावेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मात्र मी पहिल्याच पायरीला मोडला. टपावरचा कॅरियर काढला आणि हवाही भरली.

कॅरियर लोखंडी, भाताची पोती आणि लग्नाच्या मांडवाचं सामान वाहायच्या दिवसांतला. चार वर्षं त्यावर काही चढलं नव्हतं, तरी तो दर किलोमीटरला वारा कापत फिरत होता. हवा चारही चाकांत दारावरच्या स्टिकरपेक्षा सात पौंडांनी कमी. एका पौंडाला मायलेज साधारण ०.२ टक्का जातं, म्हणजे सात पौंडाला दीडही नाही. लोक हवेला जेवढं महत्त्व देतात तेवढं पेट्रोल-डिझेल त्यात नसतं, कमी हवा टायर मात्र खाते. दोन्ही मिळून १०.१ चे १०.६ झाले. एअर फिल्टरही बदलला, तो बदलायच्या लायकीचा होताच, पण आकड्यात काही दिसलं नाही.

'हाय' म्हणतंय

डिसेंबरच्या सुरुवातीला एका फेरीहून परतताना उद्यमबागेच्या अलीकडे मुद्दाम दोन किलोमीटर ब्रेकला पाय न लावता गाडी सोडत आणली. शेडमध्ये थांबलो आणि चारही रिमना हात लावून बघितला. पुढचं डावं गरम वाटलं, पण हाताचा काय भरवसा. घरी कोरोनाच्या वेळचं कपाळाला लावायचं थर्मामीटर पडून होतं, ते आणलं. उजवं पुढचं ३८, मागची दोन्ही छत्तीस-सदतीस. डाव्या पुढच्याला धरलं तर त्याने आकडाच दाखवला नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली. माणसाच्या तापापलीकडचं त्याला मोजता येत नाही. मिस्त्रीने वाकून वाचलं.

"हाय म्हणतंय," तो म्हणाला. "म्हणजे हाय."

जॅक लावून चाक उचललं, हाताने फिरवलं. उजवं चाक दीड फेरा मारून थांबलं. डावं पाव फेऱ्यात खर्र करून अडलं. ब्रेकचे पॅड धरणारा कॅलिपर उघडला तर तो ज्यावर सरकतो ती खालची स्लाइड पिन गंजून बसलेली, तिच्यावरचं रबर फाटलेलं आणि आत खानापूरची तांबडी माती सिमेंटसारखी घट्ट. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस बघितलेल्या माणसाला ह्याचं नवल वाटणार नाही. चार महिने चाकं चिखलात आणि मग आठ महिने तो चिखल वाळत बसतो. ब्रेक दाबल्यावर पॅड चिकटायचे आणि सोडल्यावर पुरते सुटायचे नाहीत. आतल्या बाजूचा पॅड तीन मिलिमीटरवर आला होता, बाहेरचा सात. एवढी तिरकी झीज दिसली की पुढे तपासायला लागत नाही.

पिना घासून, ब्रेकला चालणारं ग्रीस लावून, सील किट आणि पॅड नवे घालून बसवल्या. हँडब्रेकची केबलही जड होती, तिच्यात तेल सोडलं. पुढच्या दोन फेऱ्या ११.२. गाडी उतारावर सोडली की आता पळायची, हे आकड्याआधी पायाला कळलं. गॅरेजात गाडी गेली की सगळे बॉनेट उघडतात, चाकाकडे कुणी बघत नाही, हा माझा जुना राग आहे.

तिसरी गोष्ट थंडीने दाखवली. डिसेंबरातल्या एका पहाटे बेळगाव धुक्यात होतं. संकेश्वर आलं तरी तापमानाचा काटा पावाच्या वर चढेना. तात्यांना हे ठाऊक होतं, त्यांना ते कौतुकाचं वाटायचं. "गाडी कधी तापत नाही, बघ." तापायला पाहिजे, तात्या. डिझेल इंजिनचं पाणी पंचाऐंशी-नव्वदला असलं की ते नीट जळतं. थंड इंजिनात तेल घट्ट राहतं, घर्षण वाढतं आणि इंजिन अजून गरम झालेलं नाही असं समजून कॉम्प्युटरही डिझेलचा हिशेब वेगळा ठेवतो. तेव्हाच्या बीएस-३ (धुराच्या जुन्या मानकाच्या) गाड्या बाजारातल्या, गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ डोंगलशी बोलतीलच असं नाही. ही बोलली नाही. मिस्त्रीचा स्कॅनर लावून हायवेवर नेली. ऐंशीच्या वेगाला पाणी ६६ अंश. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, उघड्या तोंडाने अडकलेला. काढून तव्यात पाणी घालून उकळला, तो तसाच आ वासून होता, उकळण्याआधीही आणि नंतरही. नवा घातल्यावर ८७.

पण थर्मोस्टॅटनंतरची पहिली फेरी आली १०.५. मी चक्रावलो. मिस्त्री म्हणाला, काल कुठे अडकला होतास ते सांग. तेव्हा आठवलं. येताना संकेश्वरच्या आसपास उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यात रुंदीकरणाचं वळण. पावणेदोन तास सरकत, थांबत, इंजिन चालू. अशा इंजिनाला नुसतं जाग्यावर तासाला पाऊण लिटर लागतं, वर पहिल्या-दुसऱ्या गिअरचं रांगणं वेगळं. ती फेरी वहीत ठेवली, पुढे 'ऊस' लिहिलं आणि हिशेबातून वगळली. आकडा आवडला नाही म्हणून वगळायचा नसतो, पण कारण त्याच दिवशी लिहून ठेवलेलं असेल तर वगळता येतो. पुढच्या दोन फेऱ्या ११.५ आणि ११.७.

ऐंशी

आता गाडीत करण्यासारखं फार राहिलं नव्हतं. व्हील अलाइनमेंट केली, थोडी बाहेर होती. इंटरकूलरच्या होजची क्लिप ढिली होती, आवळली. दोन्हींचा परिणाम माझ्या मापात पकडण्याएवढा नव्हता. राहिला चालवणारा.

जानेवारीत दोन फेऱ्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर न जाता केल्या. १३.१. बाकी सगळं तेच. कॅरियर, ब्रेक, थर्मोस्टॅट, सगळ्यांनी मिळून जे दिलं तेवढंच जवळजवळ उजव्या पायाने एकट्याने दिलं. ही गाडी म्हणजे उभं कपाट आहे. वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरला जेवढा वारा ढकलायचा, ऐंशीला त्याच्या दोन-तृतीयांशहून कमी. शंभरला ह्या आकाराच्या गाडीचा बराचसा जोर वाऱ्यातच जातो. वेळ किती गेला? एका बाजूला बारा-पंधरा मिनिटं. एका फेरीत वाचलं सव्वादोन लिटर, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. ज्याची मिनिटं महाग आहेत त्याने शंभरने जावं, माझी तेवढी नाहीत. तात्या तर निवृत्त आहेत, पण हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

फेब्रुवारीत गाडी तात्यांकडे परत दिली आणि डॅशबोर्डला दोऱ्याने वही आणि पेन बांधलं. त्यांच्याच रस्त्यांवर, त्यांच्याच पायाने तीन टाक्या. दुरुस्त हिशेबाने १३०२ किलोमीटर, ११५.२ लिटर. ११.३. हायवेचे तेरा नाहीत, नंदगडच्या रस्त्यांवर तेरा येणारही नाहीत. पण साडेनऊच्या जागी सव्वाअकरा.

पैशाचा हिशेब करताना किलोमीटर प्रति लिटर फसवतं, म्हणून मी हजार किलोमीटरला किती लिटर असं बघतो. आधी १०५, आता साडेअठ्ठ्याऐंशी. साडेसोळा लिटर वाचलं. डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर जवळजवळ दीड हजार, आणि तात्यांचं महिन्याचं फिरणं साधारण हजारच. खर्च ब्रेक, थर्मोस्टॅट, कूलंट, फिल्टर, अलाइनमेंट मिळून ५२०० झाला. साडेतीन महिन्यांत वसूल. इंजेक्टर घालून समजा डिझेल दहा टक्के कमी जळलं असतं, तरी ४६ हजार वसूल व्हायला चार वर्षं लागली असती. आणि ते जळलं नसतंच कमी, कारण चाक अडकलेलंच राहिलं असतं.

आमच्याकडे डिझेलच्या हिशेबात सीमाही येते. कर्नाटकात डिझेल महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे रुपया-दोन रुपयांनी स्वस्त असायचं, म्हणून चंदगडकडचे पाहुणे इकडे येऊन टाकी भरून जायचे. चाळीस लिटरवर साठ-सत्तर रुपये. त्यासाठी जाऊन-येऊन दहा किलोमीटर जास्त फिरलं तर ते तिथेच संपले. १ एप्रिल २०२५ पासून कर्नाटकाने डिझेलवरचा विक्रीकर १८.४४ वरून २१.१७ टक्के केला, दर दोन रुपयांनी वाढला आणि तोही फायदा आटला. 'तिकडचं डिझेल जास्त मायलेज देतं' ही समजूत मात्र दोन्ही बाजूंना आहे. इकडच्यांना तिकडचं बरं वाटतं, तिकडच्यांना इकडचं. एप्रिल २०२० पासून दोन्हीकडे बीएस-६ चंच डिझेल आहे.

मे महिन्यात वहीत एक नोंद दिसली. १०.६, आणि पुढे तात्यांच्या अक्षरात 'कॅरियर, भाचीचं लग्न'. पुढच्या ओळीत ११.२, 'काढला'. मला काही विचारायची गरज उरली नव्हती.

पावसाळ्यानंतर टायर संपले. मी सांगितल्याप्रमाणे तात्यांनी कंपनीच्या मापाचे, २३५/७० घातले. दोन टाक्या झाल्यावर त्यांचा फोन आला, आवाजात दिवाळी.

"बारा पॉइंट दोन! तू म्हणालास त्याच्यापेक्षा जास्त देतीया."

"तात्या, गुणाकार केलात काय?"

"केला की. एक पॉइंट शून्य चार दोन. तूच शिकवलंयस."

"आता नाही करायचा. टायर बदलले. मीटर आता बरोबर सांगतंय. तुमचे अकरा पॉइंट सात."

पलीकडे शांतता. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज.

"बरं," तात्या म्हणाले, "मग ते अर्धं किलोमीटर गेलं कुठं?"